हत्ती लटकला तरी न हलणारा दांडा

आयुष्यभर काय केलं असं कोणी विचारलं की मी सांगतो, पडदे टांगले. समोरचा लगेच सरसावून बसतो. "म्हणजे नाटक कंपनीत होता का?" नाही हो. चिखलीच्या बाजारात एका शेटजींच्या दुकानात होतो. बिजागऱ्या, कडी-कोयंडे, खिळे, कुलपं असा सगळा लोखंडी माल, आणि त्यातला माझ्या ताब्यात दिलेला कोपरा म्हणजे पडद्यांचे दांडे. दांडा दुकानात विकायचा आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसवूनही द्यायचा, ही दोन्ही कामं माझीच. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. राज्य जसं नवं, तसा दांडाही आमच्या भागात नवाच होता.

पडदा मात्र जुना. दोन खिळे, खिळ्यांना बांधलेली सुतळी आणि सुतळीवर टाकलेलं जुनं लुगडं, हा आमच्या तालुक्याचा पडदा. सुतळी मधे लोंबायची, लुगडं घसरून मधे गोळा व्हायचं आणि दोन्ही बाजूंनी आतलं घर उघडं पडायचं. बैठकीत बसलेल्या पाहुण्याला आतलं सगळं दिसायचं. आतल्या बायकांना मात्र वाटायचं की आपण दिसत नाही. मग स्प्रिंगची तार आली. ती सुरुवातीला अंगात आल्यासारखी ताठ असायची आणि पुढच्या सणापर्यंत तिचीही सुतळी व्हायची. नळीचा दांडा आला तो मास्तर, तलाठी, कंपाउंडर अशा नोकरदारांच्या घरात. त्यांच्या दारावर तो चमकताना दिसला आणि मग गावोगावी जो तो म्हणू लागला, आपल्याले बी पायजे.

दांडा निवडायचा कसा, हे लोकांना अजूनही कळत नाही, म्हणून सांगून टाकतो. आमच्याकडं तीन प्रकार असत. एक, सागवानी, खरादीवर गोल केलेला. हा दिसायला साधा, पण इमानी. दुसरा, अस्सल पितळेची नळी. जड, महाग आणि दर सणाला चिंचेनं घासून घेणारा. तिसरा, लोखंडी नळीवर पितळेचा पातळ पत्रा चढवलेला. तो दुकानात सगळ्यांत जास्त चमकायचा आणि म्हणून सगळ्यांत जास्त खपायचा. ओळखायचा असेल तर टोकाचं टोपण काढून नळीच्या तोंडात बोट घालावं. बोट लाल झालं तर आत गंज आहे, म्हणजे लोखंड आहे. गिऱ्हाइकाला मी ही युक्ती स्वतःहून शिकवत नसे. पण कोणी बोट घातलंच तर पुसायला फडकं देत असे.

टोकाच्या टोपणांवर सगळी शोभा. कमळ, कळस, आंबा, असे नमुने यायचे. एकदा मुंबईहून अननसाच्या आकाराची टोपणं आली. अननस आमच्या बाजारात कोणी पाहिलेला नव्हता. शेटजी म्हणाले, "ये तो कोई नहीं लेगा." मी ती सीताफळं म्हणून विकली. सगळी खपली.

पण दांड्याहून महत्त्वाची असते भिंत. दांडा कधी पडत नाही हो, भिंत त्याला सोडून देते. आमच्याकडं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची घरं, हातभर जाड मातीच्या भिंती. त्यात नुसता खिळा ठोकला तर तो लोण्यात सुरी गेल्यासारखा जातो आणि तसाच बाहेर येतो. म्हणून आधी भिंतीत खोल भोक पाडायचं, त्यात सागाचा ठोकळा बसवायचा, भोवती चुना ठासायचा, तो नीट वाळू द्यायचा आणि मग त्या ठोकळ्यात स्क्रू पिळून ब्रॅकेट बसवायचं. एवढं केलं की दांडा घराच्या आधी पडत नाही. घाई केली की पडतो, आणि पडतो तो नेमका पाहुणे असताना.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकाहून एक. दुसरबीडला रस्त्याच्या कडेला चहाचं हॉटेल चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी भट्टीच्या खोलीच्या दाराला अस्सल पितळी दांडा बसवून घेतला. पुढं एकदा चहाला थांबलो तर दांडा झगझगीत, पण पडदाच नाही. आतली भट्टी, राख, उष्टे कप, सगळं समोर. विचारलं, "पडदा काऊन नाही लावला?" तर म्हणाले, "पडदा लावला तं दांडा कोन पाह्यते बाप्पा?"

दुसरे एक दोघं भाऊ, एकाच लांब खोलीत मधे पडदा टाकून संसार वेगळे केलेले. दांड्याची दोन टोकं दोन्ही घरांना दिसणार. थोरल्याला कमळ हवं, धाकट्याला आंबा. दुकानात तासभर वाद. मी एका टोकाला कमळ बसवलं आणि दुसऱ्या टोकाला आंबा. दोघं खूश होऊन गेले. पुढच्याच बाजाराच्या दिवशी दोघांच्या बायका आल्या. त्यांना उलट हवं होतं.

पण ज्या दांड्यासाठी मी आज लिहायला बसलो, तो उंद्रीचा.

उंद्रीचे किसनभाऊ भाजीपाला करत. वांगी, मिरची, टमाटे. उंच, वाळके, कमी बोलणारे, आणि बोलले की सौदा संपवूनच थांबणारे. एका बाजाराच्या दिवशी वांग्यांच्या रिकाम्या टोपल्या खांद्यावर घेऊन ते दुकानात आले आणि म्हणाले, "सगळ्यात मजबूत दांडा दाखव. मंग सगळ्यात देखणा दाखव. दोन्ही एकच असला तं लय चांगलं."

मी विचारलं, "कोणत्या दाराले पायजे भाऊ?"

"बैठकीतून अंदर जाते त्या दाराले. पोरगी पाह्याले पाव्हणे येऊन राह्यले पुढच्या इतवारी. पोरगा खामगावले कचेरीत हाये. बाप नाही त्याले, मामानं वाढोला. त्यो मामा बैलबाजारात दलाली करते. हात लावल्याबिगर, ठोकून पाह्यल्याबिगर कोणती वस्तू सोडत नाही म्हन्ते. दांडा असा बसव का हत्ती लटकला तरी हालला नाही पायजे."

मी म्हणालो, "हत्ती पोराकडून येऊन राह्यला का?"

किसनभाऊ हसले नाहीत. त्यांनी अस्सल पितळेचा दांडा निवडला, आत बोट घालून पाहिलं, बोट स्वच्छ निघालं, आणि टोकाला कळस सांगितले.

ठोकळे बसवायला मी त्याच आठवड्यात उंद्रीला गेलो. चुना वाळायला वेळ द्यायचा होता. घर धाब्याचंच, पण शेणानं सारवलेलं, नेटकं. मी स्टुलावर उभा राहून दाराच्या वर भोक पाडत होतो. डोक्यावर, नाकात, सगळीकडं माती. किसनभाऊ मळ्यात गेलेले. तेवढ्यात त्यांची मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिचं नाव सुमन. रोज एस.टी.नं चिखलीला जाऊन-येऊन ती मॅट्रिक झालेली, आणि उंद्रीच्या त्या आळीत मॅट्रिक झालेली ती एकटीच मुलगी. तिनं तांब्या खाली ठेवला आणि भिंतीकडं पाहत राहिली.

"भाऊ, हा दांडा किती वजन पेलते?"

"तुह्या आबानं हत्तीची बोली केली हाये."

"मांजर लटकलं तं पडन, असा नाही का बसवता येत?"

मला वाटलं थट्टा करतेय. खाली पाहिलं तर चेहऱ्यावर थट्टेचं नाव नव्हतं.

"काऊन व?"

"पाव्हण्याच्या डोक्यात दांडा पडला तं ते म्हनतीन अपशकून झाला. उठून जातीन. मंग मले बुलढाण्याले मास्तरकीचं शिकाले जाता येईन."

"मंग आबाले सांग ना तसं."

"सांगतलं. आबा म्हन्ते लग्न झाल्यावर शिक." तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "तुम्ही घरोघर जाता भाऊ. लग्न झाल्यावर शिकली अशी एक तरी पाह्यली का या तालुक्यात?"

मी स्टुलावर उभा राहून आठवत राहिलो. किती तरी घरांच्या दारांवर दांडे बसवले होते, आणि त्या दारांच्या आतल्या बायका मला आठवत होत्या. कोणाच्या हातात पाटी, कोणाच्या हातात पुस्तक, असं काही आठवेना.

तरीपण मी नाही म्हणालो. एक तर पितळेचा दांडा म्हणजे काठी नव्हे, खाली कोणाचं तरी डोकं असणार.

"डोकं मामाचंच असन, तेवढं मी पाह्यते," सुमन म्हणाली.

दुसरं म्हणजे माझा दांडा पडला अशी बातमी तालुक्यात गेली असती तर शेटजींनी मला त्याच दांड्यानं घरी पाठवलं असतं. आणि तिसरं, जे मी तिला सांगितलं नाही, ते असं की पडणारा दांडा मला बसवताच येत नव्हता. हाताला सवयच नव्हती. आचाऱ्याला मुद्दाम भाजी खारट करायला सांगा, त्याचा हात अडखळेल, तसं.

मी म्हणालो, "हे पाह्य पोरी. मी दांड्याचा मानूस. दांडा, ब्रॅकेट आन कड्या, येवढं माह्यं काम. थे पक्कंच होईन. कापड आन शिलाई तुमच्या घरची. त्याच्यात मी बोलत नाही."

सुमन तांब्या तसाच ठेवून आत गेली. मी तिला काहीही सुचवलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगतो.

रविवारी सकाळी मी दांडा घेऊन पोचलो. चुना दगडासारखा झाला होता. ब्रॅकेटं पिळली, दांडा चढवला आणि स्वतः दोन्ही हातांनी लटकून पाहिलं. हलला नाही. किसनभाऊ लटकले. हलला नाही. मग सुमननं शिवलेला पडदा आणला. हिरव्या कापडावर मोठी तांबडी फुलं, वरच्या काठाला एकेक कडी दोऱ्यानं टाकून शिवलेली. मी दांडा उतरवून कड्या त्यात ओवल्या. ओवताना दोरा माझ्या बोटांना लागला. कच्चा, एकेरी, धावता टाका. मी सुमनकडं पाहिलं. ती पाट पुसत होती. मी दांडा जागेवर ठेवला आणि टोकाचे कळस घट्ट पिळले. शिलाईत मी बोलत नाही असं आधीच सांगून ठेवलेलं होतं.

पिशवी उचलून निघालो तर किसनभाऊंनी अडवलं. "तू कुठी चालला? पाव्हणे जाईपर्यंत बैस. दांड्याले काही झालं तं जबाबदार मानूस पायजे."

म्हणून मी बैठकीच्या कोपऱ्यात, धुतलेल्या शर्टाची बटणं लावून बसलो.

पाहुणे आले. मामा पुढं, त्यांच्यामागं पोरगा, त्याच्यामागं हो ला हो म्हणणारे दोघं भाऊबंद. मामा अंगानं भरभक्कम, डोक्याला तांबडा रुमाल. किसनभाऊंनी ऐकलं होतं ते खोटं नव्हतं. आत येता येता त्यांनी चौकट ठोकली आणि कान लावून ऐकली. बसायच्या आधी बाज दाबून पाहिली. पाणी दिलं तर आधी तांब्यावर टिचकी मारली, आवाज ऐकला, मग प्यायले. कोपऱ्यातल्या टोपलीतलं वांगं उचलून देठाशी दाबलं आणि परत ठेवलं. पोरगा मात्र गुडघ्यावर हातरुमाल पसरून त्याच्याकडंच पाहत बसला होता, जणू मामा तो रुमालही कधी तरी तपासायला मागतील.

मामांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "तुम्ही पोरीचे कोन?"

मी म्हणालो, "मी दांड्याकडचा."

त्यांनी मान डोलावली. असलं कुळ असेल असं त्यांना वाटलं असावं.

सुमन चहा घेऊन आली आणि पाटावर बसली. मामांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मग म्हणाले, "उठ. दारापर्यंत चालून दाखव." ती चालली. मामा तिच्या पावलांकडं पाहत होते. "आता इकून ये." ती आली. सुईत दोरा ओवायला लावला, तिनं ओवला. मग बैलाचं वय दातांवरून पाहताना वाकावं तसे मामा थोडे पुढं वाकले आणि म्हणाले, "हास पाहू पोरी. दात पाहू दे."

सुमननं ओठ घट्ट मिटून घेतले. मी किसनभाऊंकडं पाहिलं. ते खाली मान घालून धोतराचा काठ मुठीत चुरगाळत होते. थोड्या वेळानं कसनुसं म्हणाले, "लाजते ते." आणि तिला आत जायची खूण केली. पडदा सरकला, सुमन आत गेली, पडदा बंद झाला. कड्या दांड्यावरून कशा लोण्यासारख्या सरकल्या. एरवी मला तो आवाज ऐकून बरं वाटलं असतं. त्या वेळी मला वाटलं, मांजर लटकलं तरी पडेल असा दांडा बसवला असता तर काय बिघडलं असतं.

मामा आता निवांत झाले. चिवडा खात त्यांनी बैलांच्या गोष्टी काढल्या. एवढ्यात पडद्याआडून कोणीतरी खुसकन हसलं. मग दुसरं. आत सुमनची आई कमलाकाकू होती, वहिनी शांता होती, शेजारच्या दोघी-तिघी होत्या. हसू दाबायचा प्रयत्न चाललेला कळत होता, आणि दाबलेलं हसू कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. किसनभाऊ घाबरले. आतला आवाज झाकायला त्यांनी आपला आवाज चढवला.

"दांडा पाह्यला का मामा? अस्सल पितळ हाये. चिखलीहून आनला. हत्ती लटकला तरी हालत नाही."

मामांनी चिवड्याची बशी खाली ठेवली. "हो का?" म्हणाले. "पाहू."

ते उठले. मी अर्धवट उठलो आणि परत बसलो. दांड्याच्या बाजूनं मला काळजी नव्हती. दांडा उंचावर होता, मामांचा हात तिथवर पोचेना. म्हणून त्यांनी पडदाच वरच्या बाजूला दोन्ही मुठींत धरला, पाय जमिनीवरून उचलले आणि आपलं सगळं वजन त्यावर टाकलं.

दांडा हलला नाही. कळससुद्धा हलला नाही.

पण पहिल्या कडीजवळ टर्र असा आवाज झाला. मग दुसऱ्या. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शेंगा सोलाव्यात तशी, सगळी शिलाई उसवत गेली. मामा बसते झाले, आणि वरून हिरवा पडदा तांबड्या फुलांसकट त्यांच्या डोक्यावर येऊन पडला.

दार उघडं पडलं. आत, सगळ्यांच्या समोर, सुमन उभी होती. डोक्याला भांडी पुसायचं फडकं रुमालासारखं गुंडाळलेलं, पदराखाली उशी खोचून पोट पुढं काढलेलं. पाटावर शांतावहिनी बसलेली, आणि सुमननं तिचा जबडा एका हातानं उघडा धरलेला. एक डोळा मिटून, मान तिरकी करून, ती वहिनीच्या तोंडात पाहत होती. मिटलेला डोळा बैठकीकडं आणि सगळं लक्ष वहिनीच्या तोंडात, म्हणून पडदा पडलेला तिला कळला नाही. हुबेहूब मामांच्या आवाजात ती म्हणत होती, "चारदाती हाये. चाल बरी हाये. पन लाथ मारते का, थे पाहा लागन."

कमलाकाकूनं कपाळावर हात मारून घेतला. शेजारणी भिंतीला चिकटल्या. शांतावहिनीला बैठक दिसत होती, पण जबडा धरलेला असल्यामुळं तिला सांगता येईना. ती नुसतेच डोळे मोठे करत होती, आणि सुमनला वाटलं वहिनी रंगात आलीय. म्हणून तिनं वहिनीच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "खुराक बी पाहा लागन."

तेव्हा पोरगा हसला. आल्यापासून त्याच्या तोंडून निघालेला तो पहिलाच आवाज. आधी नाकातून फुसकन आला. त्यानं हातरुमाल तोंडात कोंबला. मग तो रुमालही उपयोगी पडेना आणि तो बाजेवर आडवा होऊन, पोट धरून हसू लागला.

पडद्याखालून मामा म्हणाले, "काय झालं? कोन हासून राह्यलं?"

पोरानंच उठून त्यांच्या डोक्यावरचा पडदा काढला. मामांनी सुमनला पाहिलं. सुमननं वळून मामांना पाहिलं. तिच्या डोक्यावरचं फडकं आणि त्यांच्या डोक्यावरचा रुमाल, दोन्हींना एकच वळसा होता.

मामा उठले, धोतर झटकलं. "चाल बे," पोराला म्हणाले. "इथं पोरगी नाही, तमासगीर हाये."

भाऊबंद उठले. पोरगा चपला घालता घालता थांबला. सुमनकडं पाहून हळूच म्हणाला, "बराबर दात मोजले तुम्ही. मामा असेच मोजते." आणि पळाला.

मामा उंबऱ्यापर्यंत गेले, वळले आणि वर पाहिलं. बाजारात उभं आयुष्य गेलेला माणूस. माल पाहिल्यावर मत दिल्याशिवाय त्यांना राहवेना. "दांडा मातर पक्का हाये," म्हणाले, आणि गेले.

कमलाकाकूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेजारणी मागच्या दारानं निघून जायच्या बेतात होत्या, पण पुढं काय होतं ते पाहिल्याशिवाय त्यांचे पाय निघेनात. सुमन फडकं डोक्यावर तसंच ठेवून उभी होती. उशी पदराखालून निसटून खाली आली होती.

किसनभाऊ उठले. त्यांनी पडलेला पडदा उचलला, वरचा काठ उजेडाकडं धरला. उसवलेला कच्चा दोरा लोंबत होता. त्यांनी तो दोरा दोन बोटांत धरून पाहिला. मग सुमनकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी दांड्याकडं पाहिलं.

त्यांनी पडद्याची घडी केली आणि बाजेवर ठेवली. मग म्हणाले, "मी तिकडच्या अंगाले बसलो होतो. मले नीट दिसलं नाही. पुन्हा कर."

सुमनला कळेना. "काय आबा?"

"करत होती थे. पुन्हा कर."

सुमननं शांतावहिनीकडं पाहिलं. वहिनी घाबरत पाटावर बसली. सुमननं तिचा जबडा धरला, पण या वेळी आवाज फुटेना. किसनभाऊ वाट पाहत उभे होते. चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं. मला वाटलं, आता हा माणूस हात उगारणार. मी कोपऱ्यातून उठून उभाही राहिलो.

"वहिनीले उठव," किसनभाऊ म्हणाले. वहिनी उठली. ते स्वतः पाटावर जाऊन बसले, मांडी घातली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मान वर केली. "माह्ये मोज," म्हणाले, आणि तोंड उघडलं.

त्या वेळी त्यांचे डोळे मला दिसले. मामांनी दात पाहू दे म्हटलं तेव्हा ज्या माणसानं खाली मान घातली होती, त्यानं आता मान वर केली होती, एवढंच मी सांगू शकतो.

सुमन जवळ गेली. तिनं फडकं डोक्यावर नीट बसवलं, बापाची हनुवटी धरली, एक डोळा मिटला आणि आत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मामांच्या आवाजात, सावकाश म्हणाली, "दात झिजले. म्हातारपन आलं. पन जनावर गरीब हाये. लाथ मारत नाही." ती थोडी थांबली. "पोरीले बुलढाण्याले शिकाले धाडन, असं वाटते."

जबडा धरलेला असल्यामुळं किसनभाऊंना बोलता येईना. सुमन सोडायला तयार नव्हती. ती तशीच, एक डोळा मिटून, थांबून राहिली.

त्यांनी मान हलवली. घरच्यांनी, शेजारणींनी, सगळ्यांनी ती हलताना पाहिली होती, त्यामुळं नंतर ती फिरवणं त्यांना काही जमलं नाही.